एक झाड, एक बातमी : जानेवारी ते गुढीपाडवा २०२५च्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

आजपासून वही सुरू. शाळेतल्या आमच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं तेच चाललंय, सकाळी सूर्योदयाचा फोटो आणि सुविचार, कुणाचा वाढदिवस असला की केक, कुणाच्या घरचं कोण वारलं की हात जोडलेले. मधलं काहीच नाही. म्हणजे बाकावरच्या मैत्रिणीच्या पोरीचं लग्न मला कळतं पण तिचा गुडघा वर्षभर दुखतोय हे कळत नाही. मला तो गुडघा कळायला पाहिजे.

तर ठरलं असं की दर रविवारी प्रत्येकानं घराजवळच्या एका झाडाचा फोटो टाकायचा, कायम तेच झाड, आणि त्याखाली घरची एक बातमी लिहायची. बातमी मोठी पाहिजे असं नाही, नळ बदलला, गॅस संपला, पोरगं पहिल्यांदा एकटं एसटीनं गेलं, काहीही चालेल. फॉरवर्ड चालणार नाही. सगळं या वहीत उतरवायचं काम माझ्याकडं.

झाडच कशाला, असं एकानं विचारलं. कारण नुसतं "काय चाललंय" विचारलं की सगळे "निवांत" म्हणतात आणि विषय संपतो. झाडापुढं दोन मिनिटं उभं राहायला लागतं, ते बदलत असतं त्यामुळं सांगण्यासारखं काहीतरी असतंच, आणि त्याच्या मागोमाग घरचंही येईल असा माझा अंदाज आहे.

नोंदीची पद्धत सीझनवॉचवरनं घेतली. देशभरातली माणसं आपापल्या झाडांच्या नोंदी तिथं ठेवतात, २०१० च्या सुमारास सुरू झालेला प्रकल्प आहे. पानं कोवळी, जून की वाळकी, फुलाच्या कळ्या की उमललेली, फळं कच्ची की पिकलेली, आणि प्रत्येकापुढं फक्त "नाही", "थोडी", "खूप" यातलं एक. मोजत बसायचं नाही, म्हणून ते टिकतं.

वहीत नावं नकोत असं सगळ्यांचं म्हणणं पडलं, घरचं बोलणं आहे, उद्या कुठं फिरेल सांगता येत नाही. म्हणून ज्याचं जे झाड तेच त्याचं नाव. मी सांगलीत विश्रामबागला, माझा कडुलिंब. तासगावकडं द्राक्षबाग असलेला तो आंबा, बांधावरचं गावठी झाड आहे. मिरजेत बँकेत आहे ती सावर. देवराष्ट्रेच्या बाजूला शाळेवर शिक्षक आहे तो पळस. हरिपूरची चिंच, मार्केट यार्डात अडत दुकानात हिशेब बघते. आणि पुण्यात गेलेला शेवगा, त्याच्या सोसायटीत दुसरं झाडच नाही म्हणाला.

१९ जानेवारी

सगळ्यांचे फोटो आले. सकाळी थंडी चांगली आहे, माझ्या कडुलिंबाला जून पानं खूप, बाकी सगळीकडं नाही. आंब्याचा मोहोर निम्म्या झाडाला आलाय, पूर्वेकडची बाजू भरलीय आणि पश्चिमेकडं नुसती पानं. त्याची बातमी अशी की थंडीनं द्राक्षाच्या मण्यात साखर उतरायला वेळ लागतोय, व्यापारी बघून जातात आणि "पुढच्या आठवड्यात येतो" म्हणतात. पळसनं शाळूच्या हुरड्याचा फोटो टाकला, तो झाड म्हणून धरला नाही.

चिंच म्हणाली नवी हळद यायला लागलीय, आता मार्चपर्यंत तिचं जेवण दुकानातच.

२६ जानेवारी

शेवगा फुलावर आहे, पांढरी फुलं खूप, शेंगा थोड्या, बोटाएवढ्या. पुण्यात त्या जीबीएस आजाराच्या बातम्यांमुळं घरात पाणी उकळून पितायत, त्यानं लिहिलं की आईच्या वेळचं पितळी पातेलं माळ्यावरनं काढलं आणि बायकोनं चिंचेनं घासून लख्ख केलं. एवढीच बातमी. पण त्यावर सगळ्यांच्या घरी कुठलं भांडं माळ्यावर आहे हे निघालं आणि दुपारपर्यंत तेच चाललं, ग्रुपवर इतकं बोलणं मी कधी बघितलं नव्हतं.

२ फेब्रुवारी, वसंत पंचमी

पंचांगात वसंत पंचमी आज आली तरी वसंत ऋतू चैत्र-वैशाखात, आता माघ म्हणजे शिशिर चाललाय. पण झाडांकडं बघितलं की दोन्ही खरं वाटतं. पळसाची पानं निम्मी गळलीत आणि फांद्यांवर काळपट मखमली कळ्या दिसायला लागल्यात. आपल्याकडच्या कोरड्या जंगलातल्या बऱ्याच झाडांचं असंच, पाऊस संपून महिने झालेले असतात, पान ठेवलं तर पाणी उडून जातं, म्हणून पान सोडायचं आणि मोकळ्या फांदीवर फूल काढायचं. पाखरांना लांबनं दिसतं आणि चोच घालायला अडचण नाही.

माझी बातमी, परवा रथसप्तमी म्हणजे हळदीकुंकवाचे शेवटचे दिवस, वाण म्हणून यंदा कापडी पिशव्या शिवल्यात. लेकीची दहावी २१ तारखेपासून. ती घरात असली की टीव्ही बंद, मिक्सर बंद, माझं गुणगुणणंही बंद.

९ फेब्रुवारी

आज सावरेचा दिवस. तिची काटेसावर रेल्वेच्या बाजूच्या मोकळ्या जागेत आहे, बँकेत जाता-येता दिसते, पण नीट उभं राहून तिनं ती पहिल्यांदाच बघितली. एक पान नाही आणि सगळं झाड लाल. तिनं सकाळी तासभर खाली उभं राहून जे आलं ते लिहून काढलं: साध्या मैना, भांगपाडी मैना, बुलबुल, कावळे, शिंजीर, दोन खारी, आणि मग एकदम भोरड्यांचा थवा. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या. त्या मध्य आशियाच्या बाजूनं हिवाळ्याला आपल्याकडं येतात, शाळूच्या कणसांवर बसतात म्हणून शेतकरी त्यांना हाकलतात, आणि सावर-पळस फुलला की रसावर येतात. पळसमैना नाव त्यावरनंच. एप्रिलपर्यंत परत जातात. सावरेचं फूल जाड मांसल पाकळ्यांचं, आत वाटीत रस साठलेला, पाखरू डोकं घालतं आणि बाहेर येताना कपाळाला पराग घेऊन येतं.

खाली पडलेली फुलं तिनं ओढणीत गोळा करून घरी नेली आणि सासूबाईंपुढं ठेवली, तर सासूबाई म्हणाल्या आमच्या लहानपणी याच्या कापसाच्या उशा असायच्या. त्या दोघींचं गेले कित्येक महिने कामापुरतंच बोलणं होतं, हे तिनं आज पहिल्यांदा लिहिलं. आज उशांवरनं तासभर बोलल्या म्हणे. मला हे वाचून फार बरं वाटलं, म्हणून पूर्ण उतरवून ठेवलंय.

बाकी: आंबा, मोहोर खूप, एका तुऱ्यात हजारावारी फुलं असतात आणि शेवटी हाती एखाददुसरी कैरी लागते असं त्यानं लिहिलंय. ढग आले तर तुडतुडे आणि भुरी, म्हणून आभाळाकडं डोळे. शेवगा, शेंगा थोड्या.

१६ फेब्रुवारी

चिंचेचा फोटो आला नाही. मागच्या रविवारी फोटो होता पण बातमी नव्हती, फक्त "नंतर लिहिते". हळदीच्या गडबडीत असेल असं सगळे म्हणाले. मला पटलं नाही, झाडाचा फोटो काढायला तिला दारातनं बाहेर यायचं तेवढंच लांब.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मधल्या वारी नोंद करतीय कारण थांबण्यासारखं नाही. संध्याकाळी चिंचेला फोन केला. तिच्या अण्णांना अर्धांगवायूचा झटका आलाय, उजवी बाजू गेलीय, बोलणं अडखळतंय, मिरजेत ॲडमिट आहेत. घरात ती आणि अण्णा दोघंच. रात्री दवाखान्यात, सकाळी हरिपूरला येऊन आंघोळ, मग यार्डात सौद्याला, कारण सीझनमध्ये सुट्टी मागायची तिला भीती वाटते. आणि हे कुणालाच सांगितलं नव्हतं. का विचारलं तर म्हणाली, "एवढी मोठी बातमी ग्रुपवर कशी टाकू, सगळे घाबरतील, आपलं लहान लहान लिहायचं ठरलंय ना."

मी म्हटलं लहान लहान लिहायचं ते यासाठीच, की मोठं आलं तर सांगायची सवय असावी.

रात्री नऊला सगळ्यांना फोन झाले आणि वाटण्या ठरल्या. सावर मिरजेतच आहे, दोन वेळचा डबा ती. आंबा रात्रीला थांबणार एक दिवसाआड, बागेत तोडणी आहे तरी. म्हणाला रात्री बागेत नाहीतरी कोण द्राक्ष तोडतंय. पळस शनिवारी दुपारी शाळा सुटली की येणार आणि रविवारी संध्याकाळपर्यंत तिला सोडवणार. शेवगा पुण्यातनं फिजिओथेरपीबद्दल तिथल्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारून घेणार. आणि चिंचेच्या झाडाची नोंद मी ठेवणार, झाड रिकामं राहता कामा नये.

२३ फेब्रुवारी

अण्णा काल बोलले. तोंडातनं पहिला पूर्ण शब्द आला तो "चहा". पळस तिथंच होता, त्यानं लगेच ग्रुपवर टाकलं आणि मी भाजी निवडता निवडता रडले.

आज दुपारी भारत-पाकिस्तानची मॅच होती, वॉर्डात शेजारच्या पेशंटच्या मुलानं मोबाईल उशीला टेकवून ठेवला होता, कोहलीचं शतक झालं तेव्हा अण्णांनी डावा हात उचलला म्हणे. उजवा अजून नाही.

लेकीचा मराठीचा पेपर झाला, बरा गेला. कडुलिंब पिवळा पडायला लागलाय, वाळकी पानं थोडी. पळसाला फुलं खूप, आता फोटोत नुसतं केशरी.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

संगमेश्वराच्या दर्शनाला हरिपूरला गेले. कृष्णा आणि वारणा जिथं मिळतात तिथंच देऊळ, आज अलोट गर्दी, रस्त्यावर पाळणे आणि खेळण्यांची दुकानं. येताना चिंचेजवळ थांबले. पिकलेले आकडे खूप, टरफल हातानं दाबलं की कुरकुरतं, पानं विरळ होत चाललीत. पोरं दगड मारून पाडत होती, त्यांनीच माझी ओटी भरली. रात्री आकडे फोडून चिंचोके काढले, मीठ लावून गोळे केले, बरणी चिंचेला द्यायची आहे. दरवर्षी हे काम तिचे अण्णा करतात, अंगणात तरट टाकून, हे तिनंच सांगितलेलं, जानेवारीतल्या कुठल्या तरी रविवारी.

हरिपूरच्या हळदीच्या पेवांबद्दल अण्णांना फार माहिती आहे. जमिनीत खोल खड्डे, तोंड अरुंद आणि पोटात मोठे, आत हळद घालून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं कीड लागत नाही. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि बरीच पेवं कामातनं गेली. २०१९ ला तर सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलेलं. अण्णा बोलायला लागले की हे त्यांच्याकडनं नीट लिहून घ्यायचं, पळसला सांगून ठेवलंय.

२ मार्च

उन्हाळा आलाच. हवामान खात्यानं सांगितलंय की देशात १९०१ पासूनच्या नोंदीत यंदाचा फेब्रुवारी सगळ्यात गरम होता. आमच्या वहीतही ते दिसतंय, शेवग्याच्या शेंगा झटक्यात वाढल्या, सावरेची फुलं जवळजवळ संपली. आंब्याचा मोहोर उन्हानं काही ठिकाणी करपला, वाटाण्याएवढ्या कैऱ्या धरल्यात त्या गळतायत. तांबट सकाळपासून टुकटुक सुरू करतो तो दुपारी दोनलाही थांबत नाही. कोकिळ अजून घसा साफ करतोय.

अण्णांना घरी सोडलं. उजव्या पायात थोडं बळ आलंय, वॉकर घेऊन चार पावलं टाकतात. चिंचेच्या मालकांनी तिला दुपारनंतर घरी बसून हिशेब करायची परवानगी दिली, तिनं मागितली म्हणून दिली, इतके दिवस मागितलीच नव्हती.

९ मार्च

आज सगळे आंब्याच्या शेडवर. शेवगा पहाटे निघून पुण्यातनं आला, चिंच दोन तासासाठी आली, अण्णांजवळ शेजारच्या काकू बसल्या. शाळेनंतर आम्ही सगळे एकत्र असे पहिल्यांदाच.

बेदाणा कसा होतो हे सांगलीत जन्म जाऊनही मी नीट बघितलं नव्हतं. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, तो असला की पाणी बाहेर यायला फार वेळ लागतो. म्हणून पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात घड बुडवून काढायचे, थर सैल होतो. मग शेडमध्ये जाळीच्या रॅकवर पातळ पसरायचे, एकावर एक मजले, बाजूनं हिरवी शेडनेट. ऊन थेट लागलं तर रंग तांबूस होतो, सावलीत वाऱ्यावर वाळला तर हिरवट-पिवळा राहतो आणि त्यालाच भाव. दोन आठवड्यात तयार होतो. चार किलो द्राक्षाचा साधारण एक किलो बेदाणा. या सगळ्यात एक अवकाळी पाऊस आला की माल काळा पडतो, म्हणून आंबा बोलता बोलता सारखा बाहेर जाऊन पश्चिमेला बघून यायचा. इतकं जोखमीचं काम चालू असताना हा माणूस एक दिवसाआड मिरजेला रात्र काढत होता.

सांगलीच्या बेदाण्याला २०१६ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं आणि हळदीला २०१८ ला. सावर म्हणाली आमच्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्यालाही २०२४ ला मिळालं, ते विसरू नका.

जेवायला भाकरी, शेवग्याच्या शेंगांची आमटी, खर्डा. शेंगा पुण्याहून आलेल्या, त्याच झाडाच्या, वहीत जिची कळीपासून नोंद आहे ती भाजी खाताना वेगळीच वाटली. दुपारी चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल लागली, भारतानं न्यूझीलंडला हरवलं तेव्हा आम्ही परतीच्या रस्त्यावर होतो आणि तासगावात फटाके वाजत होते.

१६ मार्च

पळस १२ तारखेला शाळेत यशवंतराव चव्हाणांच्या जयंतीच्या कार्यक्रमात होता, देवराष्ट्रे त्यांचं जन्मगाव, १९१३ सालचा जन्म, तिथल्या पोरांना ते घरच्यासारखे. त्याच्या झाडाला आता फुलं थोडी, चपट्या शेंगा थोड्या. पोरांनी खाली पडलेली फुलं वेचून वाळवलीत.

दहावीचा शेवटचा पेपर उद्या. घरात सगळे हळू चालतायत.

१९ मार्च, रंगपंचमी

वाळलेली पळसफुलं रात्री भिजवून सकाळी उकळली, गाळली, केशरी-पिवळं पाणी झालं. शाळेतल्या पोरांनी तेच खेळलं, पळसनं एक बाटली एसटीनं सांगलीला पाठवली आणि मी ती संध्याकाळी हरिपूरला नेली. चिंचेनं अण्णांच्या कपाळाला बोट लावलं, अण्णांनी उजव्या हाताची दोन बोटं बाटलीत बुडवली आणि तिच्या गालाला लावली. उजव्या हाताची. फिजिओवाले म्हणाले होते महिना लागेल.

२३ मार्च

कडुलिंब: वाळकी पानं नाही, कोवळी खूप, तांबूस. कळ्या थोड्या. अंगण झाडून झाडून मी दमले होते पण आता वर बघितलं की बरं वाटतं. चिंचेला कोवळी पालवी थोडी.

ऊसतोडीची माणसं परतायला लागलीत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार, वर कोंबड्यांची पाटी. पळसच्या शाळेत त्यांची काही पोरं हंगामापुरती बसत होती, त्यांच्या नावापुढं आता गावाचं नाव लिहून दाखला द्यायचं काम चाललंय. त्यातल्या एका मुलीनं जाताना विचारलं म्हणे, "गुर्जी, आमच्या गावचं झाड धरलं तर चालंल का?" पळसनं तिला एक वही आणि पेन्सिल दिली, आणि तिच्या वडलांचा फोन नंबर घेतला. चालेल की. न चालायला काय झालं.

३० मार्च, गुढीपाडवा

गुढीला माझ्याच झाडाचा डहाळा. कोवळा पाला, फुलोरा, गूळ, भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि ओवा वाटून सगळ्यांना दिलं. लेकीनं तोंड वाकडं न करता खाल्लं, सुट्टी लागली की माणूस काहीही खातं.

आजच्या नोंदी: आंबा, लिंबाएवढ्या कैऱ्या थोड्या, बेदाणा कोल्ड स्टोअरेजला गेला. सावर, हिरवी बोंडं खूप, सासूबाईंचा मोतीबिंदूचा ऑपरेशनचा दिवस ठरलाय आणि सोबत सूनच जाणार. शेवगा, आईला पुण्याला आणतोय पंधरा दिवसांसाठी. पळस, शेंगा खूप, नवी पानं थोडी. ऊसतोडीवाल्यांच्या त्या मुलीचा बीडकडनं फोन आला, तिनं कडुलिंब धरलाय. चिंच, कोवळी पानं खूप, बातमी अण्णांनी सांगितली आणि तिनं लिहिली: "दारापर्यंत एकटा गेलो. काठी होती."

उन्हाळ्यात थांबायचं नाही असं ठरलं. प्रत्येकानं खोडाचा घेर मोजून लिहायचा, जमिनीपासून साधारण १.३ मीटरवर, म्हणजे पुढच्या वर्षी ताडून बघता येईल. पुढचा रविवार ६ एप्रिल, रामनवमी. सावरेची बोंडं तडकायच्या आधी खालच्या फांदीला पिशव्या बांधायच्यात, सासूबाईंना उशीपुरता कापूस पाहिजे, आंबा शिडी घेऊन येणार आणि शेवगा आईला न्यायला येताना टेप आणणार.